फोरेटशिवाय सूत्रकृमी आटोक्यात कसे आणावे?

काटोल-नरखेडकडे संत्र्याचं झाड शेंड्याकडून वाळू लागलं, पानं बारीक, पिवळी पडली की आपण आधी खत वाढवतो, मग फोरेटसारखं दाणेदार विष आणतो. त्याआधी मुळं बघा, कारण दुखणं बऱ्याचदा सूत्रकृमींचं, म्हणजे मुळांवर जगणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या धाग्यासारख्या कृमींचं असतं.

झाडाच्या घेराखालची, वीतभर खोलवरची तंतुमुळं काढून पाण्यात हलकेच धुवा. धुऊनही ती मळकीच राहिली, तर सूत्रकृमींचा संशय धरा. कृमीच्या मादीच्या अंड्यांभोवतीचा चिकट स्राव माती धरून ठेवतो. वांगी-टोमॅटोत कृमी लागले की मूळच जागोजागी फुगून गाठी होतात. तूर-हरभऱ्याच्या मुळांवरच्या ज्या गाठी नखाने सहज निघतात आणि आतून गुलाबी असतात, त्या मात्र पिकाला नत्र देणाऱ्या, पिकाच्या मित्र. त्यांच्यापायी औषध ओतू नका. खात्रीसाठी पाच-सहा ठिकाणची माती आणि मुळं ओलीच पिशवीत बांधून, ऊन न लागू देता प्रयोगशाळेत द्या.

फोरेटवर 31 डिसेंबर 2020 पासून देशभर बंदी आहे. कोणी जुना साठा देत असेल तरी घेऊ नका. ते कृमींच्या नसांवर जसं काम करतं, तसंच माणसाच्याही. दाणे टाकणाऱ्या मजुराला त्याची झळ आधी लागते.

फ्लुओपायरम आणि फ्लुएन्सल्फोन ही नवी औषधं त्या मार्गाने काम करत नाहीत. फ्लुओपायरम कृमीच्या पेशींची ऊर्जाच तोडतं. धोका कमी, पण आहेच. लेबलवर तुमच्या पिकाचं नाव असेल तरच, लिहिलेल्याच मात्रेत, ओल्या जमिनीत, हातमोजे घालून द्या. फ्लुओपायरम जमिनीत बराच काळ टिकतं, म्हणून दर हंगामाला नको. ते बुरशीनाशकही आहे. पॅसिलोमायसेससारख्या अंडी खाणाऱ्या मित्रबुरशीसोबत एकाच वेळी देऊ नका.

रोपवाटिकेला तर औषधाआधी आपलं मे महिन्यातलं ऊन वापरा. वाफे ओलवा, 25 मायक्रॉनचं पारदर्शक प्लास्टिक पसरून कडा मातीत दाबा आणि चार ते सहा आठवडे तसंच राहू द्या. काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. नंतर निंबोळी पेंड मिसळा. भाजीच्या वावरात एक हंगाम झेंडू घ्या. त्याच्या मुळांतली द्रव्यं गाठी करणाऱ्या कृमींना मारक असतात.

नवी बाग लावताना कृमी बहुतेकदा पिशवीतल्या मातीतूनच येतात. जंबेरी लिंबाच्या खुंटावरचं संत्र्याचं कलम घेताना एक पिशवी फोडून मूळ दाखवायला सांगा. दाखवत नसतील तर दुसरी रोपवाटिका गाठा.