जाम नट खोलताय? आधी तो पाईप बाजूला ठेवा

आमच्या विहिरीवर आजोबांच्या वेळचं लिस्टर टाइप, म्हणजे इंग्रजी लिस्टर कंपनीच्या नमुन्याचं, डिझेल इंजिन आहे. मोटर बसल्यापासून ते शेडमधे नुसतं उभं, दहा-बारा पावसाळे खाल्लेले. मागच्या दिवाळीत म्हटलं चालू करून बघू, सायलेन्सरच्या फ्लँजचे (इंजिनाला जोडणाऱ्या चपट्या कडेचे) दोनच नट खोलायचे होते, अर्ध्या तासाचं काम. हाफ इंची रॅचेट (कट-कट करत एकाच दिशेने नट फिरवणारा दांडा) लावला, दांड्यात मीटरभर पाण्याचा पाईप घातला आणि लटकलो. कट्ट आवाज आला, मला वाटलं सुटला. सुटलं काहीच नव्हतं, रॅचेटच्या आतले दात गेले होते आणि माझी बोटं जाऊन आदळली फ्लायव्हीलच्या आऱ्यावर.

यात चूक कुठे झाली ते आकड्यात बघा. एम-१० चा (१० मिमी जाडीचा) ८.८ ग्रेडचा, म्हणजे चांगला मजबूत, बोल्ट घट्ट करायला साधारण ४५-५० न्यूटन मीटर लागतात, म्हणजे मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला पाचेक किलो वजन लावल्यासारखं. आता ६५ किलोचा माणूस त्याच टोकाला लटकला की तेरापट जोर. जाम नटाला घट्ट करतानापेक्षा जास्त जोर लागतो हे खरं, पण तेरापट दिला की काहीतरी तुटणारच, नाहीतर बोल्ट, नाहीतर पाना, नाहीतर तुम्ही. आणि रॅचेट तर सुटलेला नट भराभर फिरवायला असतो, जाम नट फोडायला नाही, आत छोटे छोटे दात असतात त्याच्या. पहिला जोर नेहमी साध्या दांड्यावर द्यायचा, म्हणजे टॉमी बार (गोटी लावायचा सरळ, दात नसलेला दांडा) किंवा रिंग पाना. अडॅप्टर लावून थ्री-एट्थची (पाऊण सेंटीमीटरहून जरा मोठ्या चौकोनाची) गोटी, म्हणजे नटावर बसणारं सॉकेट, हाफ इंची दांड्यावर बसवत असाल तर तेही नको, चौकोनी भाग पिळून तुटतो.

दुसरी गोष्ट, जिच्यामुळे निम्मे नट गोल होतात: जुन्या मशीनवर मिलिमीटरचे पाने. विटवर्थ आटे म्हणजे इंचाच्या मापाचे जुने ब्रिटिश आटे, १८४१ सालचे, इंग्रजांच्या बनावटीच्या आणि त्यावर बेतलेल्या जुन्या इंजिनांवर तेच असायचे. चार सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तर अर्धा इंची) बोल्टच्या नटाची तोंडाची रुंदी जवळपास २३.४ मिमी भरते, त्यामुळे २३ चा पाना बसत नाही आणि २४ चा ढिला पडतो. तीन सुतीचा नट १८ मिमीच्या जवळ येतो, तिथे लोक १९ चा पाना अडकवतात आणि कोपरे खाऊन टाकतात. जुन्या बाजारात किंवा भंगारवाल्याकडे विटवर्थचे पाने मिळतात, त्यांच्यावर बोल्टचं माप असतं, नटाच्या तोंडाचं नाही, हे माहीत नसलं की घोळ होतो. नट आधीच गोल होत आला असेल तर बारा कोनांची गोटी लावूच नका, सहा कोनांची घ्या, ती कोपऱ्यावर नाही तर सपाट बाजूवर धरते. आणि स्क्रू पाना वापरायची वेळ आलीच तर जोर पक्क्या जबड्यावर यायला हवा, सरकत्या जबड्यावर नाही.

आता खरं काम. आधी तारेच्या ब्रशने बाहेर आलेले आटे साफ करा, गंज तिथे साचलेला असला तर नट सुटूनही पुढे जाऊन परत अडकतो. मग पेनिट्रेटिंग ऑइल, म्हणजे गंजात शिरणारं पातळ तेल. आमच्याकडचे मिस्त्री एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन अर्धं-अर्धं मिसळून वापरतात, मस्त आत जातं, फक्त ॲसिटोन पेटतं हे लक्षात ठेवा, बिडी लांब. संध्याकाळी टाका, रात्री परत टाका, सकाळी परत. मला वाटतं सगळ्यात जास्त पाने याच एका गोष्टीने वाचतात, कारण आपल्याला लगेच खोलायचं असतं, ती सवय आधी घालवा.

तेल मुरत असताना नटाच्या बाजूवर हातोडा मारा, दुसऱ्या बाजूला जड हातोडा टेकवून. जोरात नाही, टक टक टक, वीस-तीसदा. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आटे आवळून धरतो, त्याला तडे गेले की तेल आत शिरतं. बिडाच्या फ्लँजवर मात्र मारू नका, बीड वाकत नाही, फुटतं.

मग पाना लावून आधी किंचित आवळायचं. मिस्त्री मला म्हणाले, "अरे आधी आत ढकल की, बाहेर मग येईल." किंचितसा हलला की उलटं, पाव आटा बाहेर, मग परत आत, तेल, परत बाहेर. पाना नेहमी आपल्याकडे ओढायचा, ढकलायचा नाही, ढकलताना निसटला की बोटं पुढे. अगदीच ढकलावं लागलं तर तळहाताने, बोटं उघडी ठेवून.

नाहीच हलला तर उष्णता. पण गॅस लावण्याआधी डिझेलची टाकी आणि पाईप काढून बाजूला, तेल पुसून काढा, ॲसिटोन टाकलं असेल तर ते पूर्ण उडून जाऊ द्या. ज्योत नटावर, बोल्टवर नाही, नट फुगायला हवा. तो गरम असतानाच आट्यावर मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आत ओढलं जातं. नंतर पाणी ओतू नका, बिडाला तडा जाईल. जस्ताचा मुलामा असलेला नट तापवाल तर धूर नाकात घेऊ नका. आणि चकचकीत क्रोमच्या गोटीवर हातोडा मारायचा नाही, तिचे तुकडे उडतात, त्या कामाला काळी इम्पॅक्ट गोटी असते. चष्मा घाला, मी घालत नव्हतो, आता घालतो.

बोल्ट आतच तुटला तर इझी आउट (तुटका बोल्ट आतून धरून काढायचं उलट्या आट्याचं हत्यार) घालायची घाई करू नका. ते कडक पोलादाचं असतं, आत मोडलं की साधं ड्रिल त्याला लागत नाही, मग खरी पंचाईत. तुटलेल्या स्टडचं (डोकं नसलेल्या, आत बसवलेल्या बोल्टचं) टोक बाहेर असेल तर त्यावर नट ठेवून मधे वेल्डिंग भरून घ्या, त्याच उष्णतेने निम्मं काम होतं.

माझा एक नट तिसऱ्या दिवशी सकाळी सहा कोनी गोटीने निघाला, हळू आवाज करत. दुसरा काही केल्या ऐकेना, तेव्हा पाईप शोधत होतो, मिस्त्रींनी तो हातातून काढून घेतला आणि छिन्नीने नटाची एक बाजू चिरली. नट फुटला, स्टडला ओरखडाही नाही. नवा नट सुट्या पैशात आला, ग्रेफाइट ग्रीस लावून बसवला, आणि रॅचेट अजून तसाच तुटका डब्यात आहे.