मोठ्या हॉटेलातली चित्रं कशी बघायची? खान्देशातून निघणाऱ्यांसाठी

आपल्याकडची माणसं मुंबईला गेली की गेटवेला जातात, ताजसमोर फोटो काढतात आणि तिथूनच मागे फिरतात. आत हुसेन, गायतोंडे, राम कुमार, जहांगीर सबावाला यांची खरीखुरी चित्रं आहेत हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यांना वाटतं की रूम घेतल्याशिवाय कोणी आत सोडणार नाही. तसं नाहीये भो. चहा प्यायला, जेवायला, आतल्या दुकानात जायला बाहेरचा माणूसही जातोच, सिक्युरिटी चेक झाला की तुम्ही लॉबीत. म्हणून चित्रांची आवड असेल तर हा बेत कसा आखायचा ते सांगतो.

पण त्याच्या आधी अजिंठा. जळगावहून साठेक किलोमीटर, सोमवारी बंद, हे आपल्याला पाठ आहे. तरी एकदा वेगळ्या नजरेने जा. १, २, १६, १७ नंबरच्या लेण्या म्हणजे विहार, भिक्खूंची राहायची जागा. मधे मोठा मंडप, तीन बाजूंना छोट्या खोल्या, आणि ज्या भिंतींच्या मधून ते रोज ये-जा करायचे त्याच भिंतींवर आणि छतावर चित्रं. म्हणजे मुक्कामाची जागा आणि चित्रं एकत्र ही गोष्ट आपल्या दारातच आहे की! १ नंबरमधे पद्मपाणीसमोर (हातात कमळ घेतलेला बोधिसत्व) पाच मिनिटं गप उभं राहा, आधी काहीच नीट दिसत नाही, मग डोळे अंधाराला सरावले की हातातलं कमळ, खाली झुकलेले डोळे, मुकुटाचं बारीक काम एकेक करत वर येतं. मान वर करून छतही बघा. कमी उजेडात थांबून बघायची ही सवय हॉटेलात फार कामाला येते, कारण तिथले दिवेही चित्रांसाठी नाही तर पाहुण्यांसाठी लावलेले असतात.

आता मुंबई. जळगावहून रात्रीची विदर्भ एक्सप्रेस पकडली की सकाळी सीएसएमटी. बॅग क्लोक रूममधे टाका (कुलूप लावलेलीच बॅग घेतात, कुलूप घरूनच न्या), कारण पाठीवर सॅक घेऊन चित्रासमोर नीट उभं राहताच येत नाही. तिथून चालत काळा घोडा, जहांगीर आर्ट गॅलरी फुकट आहे पण अकराला उघडते, समोरच्या बाजूला एनजीएमए (सरकारचं आधुनिक चित्रांचं संग्रहालय) आहे ते सोमवारी बंद. आधी हे दोन्ही बघा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तिथे नावं, सालं, माध्यम सगळं लिहिलेलं असतं, डोळा तयार होतो, आणि मग ताजमधे गेल्यावर नावाची पट्टी नसली तरी साधारण अंदाज येतो.

ताज १९०३ चं. आधुनिक भारतीय चित्रं तिथे घेतली गेली ती मुख्यतः साठ-सत्तरच्या दशकात, जेव्हा हे चित्रकार अजून एवढे महागडे झाले नव्हते. २००८ च्या हल्ल्यात आग, धूर, पाणी सगळ्याने चित्रांचं नुकसान झालं, नंतर जाणकारांकडून ती दुरुस्त करून घेतली आणि परत लावली. मला स्वतःला त्या इमारतीतली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, नवीन घेऊन भिंत भरता आली असती पण जुनी वाचवली.

जायच्या आधी आठवडाभर हॉटेलला ईमेल करा. दोनच गोष्टी विचारा, कलेक्शनमधली कुठली चित्रं सध्या बाहेरच्या माणसाला दिसतील आणि कोणी दाखवायला असेल का. तिथे हेरिटेज वॉक (हॉटेल फिरवून त्याचा इतिहास सांगतात) असतो पण तो मुक्कामाच्या पाहुण्यांसाठी, त्यामुळे लग्नाचा वाढदिवस वगैरे निमित्ताने एक रात्र राहणारच असाल तर बुकिंग करतानाच वॉकचं पक्कं करून घ्या. राहणार नसाल तर ताजमधल्याच सी लाउंजमधे चहाचं टेबल आधी सांगून ठेवा. बाराची चेकआऊटची आणि दोनची चेकइनची गर्दी टाळून साडेतीनच्या पुढे जा. कपडे साधे पण नीटनेटके, बस. फोटो काढायच्या आधी विचारा, फ्लॅश कधीच नाही. वरच्या मजल्यांवर किंवा रूमच्या पॅसेजमधे आपणहून शिरू नका, तिथे लोक राहतात. आणि दबून जायचं कारण नाही, लॉबीतल्या स्टाफला सरळ म्हणायचं, "दादा, आम्ही जळगावहून चित्रं बघायला आलोय." चित्रांबद्दल विचारणारं कोणी आलं की बहुतेक वेळा ते आनंदाने सांगतात.

चित्र बघायचं कसं? हुसेन असेल तर सही शोधा, ते पुष्कळदा देवनागरीत सही करायचे, पंढरपूरला जन्मलेला माणूस. रेषा कुठे सुरू होते आणि हात न उचलता कुठपर्यंत जाते ते बघा. गायतोंडेंना मात्र वेळ द्यावा लागतो. ते नागपूरला जन्मले, मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टला शिकले. त्यांच्या नंतरच्या चित्रात माणूस नाही, झाड नाही, काहीच ओळखीचं नाही. रोलर आणि पॅलेट नाईफने रंगाचे थर चढवायचे, काढायचे, परत चढवायचे. आधी दहा पावलं लांब, मग जवळ, मग एका बाजूला सरकून तिरकं, म्हणजे झुंबराची चमक जाते आणि खालचा थर दिसायला लागतो. घाई असेल तर बाकीची सोडा पण हे एक चित्र सोडू नका.

दिल्लीला जाणं झालं तर (भुसावळहून गाड्यांना तोटा नाही) आयटीसी मौर्य हॉटेलची लॉबी बघाच. तिथलं छत चैत्यासारखं (लेण्यांतलं प्रार्थनेचं दालन) कमानीचं आहे आणि त्यावर चित्रकार कृष्ण खन्नांचं भलंमोठं म्युरल, द ग्रेट प्रोसेशन. अजिंठ्याची २६ नंबरची लेणी बघून आलेल्या माणसाला ते छत लगेच ओळखीचं वाटतं. सोफ्यावर बसा, मान मागे टाका, एका कोपऱ्यापासून सुरू करून माणसं बघत बघत दुसऱ्या टोकाला जा, मधेच सुरुवात केली तर गोंधळ होतो. शिल्पकार मीरा मुखर्जींचा कलिंगचा अशोकही याच हॉटेलात आहे, धातूचं प्रचंड शिल्प, त्याच्याभोवती पूर्ण फेरी मारल्याशिवाय हलू नका.

परदेशाचं थोडक्यात. फ्रान्समधे सां-पॉल-द-व्हांस गावात ला कोलोंब दोर हे हॉटेल आहे, तिथे चित्रकार राहण्या-जेवण्याच्या बदल्यात चित्रं देऊन जायचे, म्हणून पिकासो, मातिस, ब्राक भिंतीवर. जपानमधे नाओशिमा बेटावर बेनेसे हाऊस, वास्तुविशारद तादाओ आंदोची इमारत, १९९२ ची, म्युझियम आणि हॉटेल एकच. मुलं बाहेर शिकायला, नोकरीला असतील तर त्यांना सांगून ठेवा.

आता कुठल्याही हॉटेलने "आमच्याकडे आर्ट कलेक्शन आहे" म्हटलं तर ओळखायचं कसं? आधी विचारा की चित्रकाराचं नाव, साल, माध्यम सांगता येईल का. उत्तर नुसतं "डेकोर आहे सर" असं आलं तर त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. मग स्वतः बघा, बाजूने तिरकं बघितलं की कॅनव्हासवर रंगाचे उंचवटे दिसायला पाहिजेत. मोबाईलने झूम केल्यावर सगळीकडे सारखे बारीक ठिपके दिसले तर ते छापलेलं पोस्टर. पण खाली पेन्सिलीने १२/५० असं काही लिहून सही असेल तर ती मोजक्या प्रतींची प्रिंट असते, तिला पोस्टर समजून पुढे जाऊ नका, चित्रकाराने स्वतः पास करून सही केलेली असते आणि कधी कधी पूर्ण मजल्यावर बघण्यासारखी तेवढीच एक गोष्ट असते.