विकायला घेतलेलं जुनं घर: उलटा हिशेब, गुत्तेदार आणि काळी माती

दुरुस्त करून विकण्यासाठी जुनं घर बघून आल्यावर फरशी आणि रंग सध्या विसरा. आधी विक्रीच्या आकड्यावरून मागे या. समजा, त्याच गल्लीत तशी दुरुस्त घरं ४५ लाखांना जातात. भावासाठी दलालाच्या तोंडावर जाऊ नका. नोंदणी विभागाच्या सूची क्रमांक २ वर मागच्या वर्षाचे व्यवहार बघा, सोबत रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दर. आता ४५ मधून विक्रीची १ टक्का दलाली (४५ हजार), हवा असलेला ५ लाखांचा नफा, दुरुस्तीचे ६ लाख आणि अडीअडचणीचे त्यावर १५ टक्के म्हणजे ९० हजार वजा करा. नोंदणी फी कमाल ३० हजार असते, वकिलाचे १० हजार धरा. उरले ३२ लाख २५ हजार. खरेदी किमतीवर मुद्रांक शुल्क ६ टक्के, दलाली १ टक्का आणि नऊ महिन्यांचं व्याज महिना १ टक्क्याने ९ टक्के धरलं, तर ३२.२५ ला १.१६ ने भागायचं. आलं २७ लाख ८० हजार. मालक २९ वर अडला, तर उठून यायचं. यात दुरुस्तीच्या पैशावरचं व्याज आणि आयकर धरलेला नाही. मुद्रांक शुल्क सौद्याची किंमत आणि रेडी रेकनर यांपैकी जास्त असेल त्यावर लागतं, हेही ध्यानात ठेवा.

कागद आपल्याकडे फरशीपेक्षा महाग पडतात. निजामकाळातल्या इनाम जमिनी मराठवाड्यात जागोजागी आहेत. सातबारावर किंवा जुन्या फेरफारात खिदमतमाश (देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेली इनाम जमीन) असा शेरा दिसला, की सौदा सोडा. संभाजीनगरसारख्या शहरातल्या गुंठेवारी (गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनीवरच्या) वसाहतीतलं घर नियमित झालेलं नसेल, तर बहुतेक बँका त्यावर कर्ज देत नाहीत. मग गिऱ्हाईक फक्त रोखीचं मिळतं आणि ते भाव पाडतं. सिडकोचं घर असेल तर हस्तांतराची परवानगी आणि शुल्क आधी विचारा. इसार देण्यापूर्वी वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या आणि इसार पावतीत ‘कागद स्वच्छ नसल्यास इसार परत’ हे वाक्य लिहून घ्या.

मग भिंती. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग म्हणजे बहुधा पाया हलतोय. तिच्यावर चिकटवलेली जिप्समची पट्टी दोन-तीन महिन्यांत फुटली, तर हालचाल चालूच आहे. भेगेत रुपयाचं नाणं सहज जात असेल किंवा ओळंब्यात भिंत झुकलेली असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवल्याशिवाय एक पाऊल पुढे नको. साध्या भेगेलाही नुसती पुट्टी चोपडून उपयोग नाही. आधी पाणी तोडा: गच्चीचा पाइप पायाशी सुटलेला असतो, मोरीचं पाणी झिरपत असतं. घराभोवती तीन फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उतार दिलेला कोबा करा, पाइप नालीपर्यंत न्या. मग भेग व्हीच्या आकारात उकरून पॉलिमर मसाल्याने भरा आणि वर जाळी ठोकून गिलावा करा. आतल्या खोल्या मोठ्या करायच्या नादात वजन पेलणारी ९ इंची भिंत काढू नका. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपाने काय केलं, ते लातूर-धाराशिवच्या लोकांना सांगायची गरज नाही. माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर असेल, तर दुरुस्तीचा हिशेब सोडून जागेचाच भाव धरा.

स्लॅबच्या खालून गज दिसत असेल तर सिमेंट थापून झाकू नका. गंजलेला गज फुगतो आणि थापलेलं पुन्हा पाडतो. सुटलेलं काँक्रीट गजाच्या मागेपर्यंत फोडायचं, तारेच्या ब्रशने गंज काढायचा, झिंक प्रायमर लावायचा, वर पॉलिमर मसाला. गजाची जाडी बरीच खाल्ली गेली असेल तर पुन्हा इंजिनीअर.

आता गुत्तेदार, म्हणजे ठेकेदार. रोजंदारीवर फक्त तोडफोड द्या, कारण भिंतीत काय निघेल ते कुणालाच माहीत नसतं. बाकी सगळं मापावर. मापाचा करार एका पानाचा असला तरी चालेल, पण त्यात हे हवंच: गिलाव्याच्या मापातून दार-खिडकी वजा होणार का, पाड (मचाण) बांधायचा खर्च कोणाचा, राडारोडा कोण उचलणार, पाणी मारणार कोण. भांडणं याच चार गोष्टींवर होतात.

‘टप्प्याटप्प्याने पैसे’ हे कागदावर छान दिसतं, पण मजुरांना बाजाराच्या दिवशी पैसे लागतातच, आणि गुत्तेदार उचल मागतो. त्याला नाही म्हणाल तर माणसं दुसऱ्या साइटवर जातात. मागेल तेवढी दिलीत तर तोही जातो, कारण त्याचे पैसे तुमच्याकडे उरलेले नसतात. उपाय म्हणजे बाजाराच्या आदल्या दिवशी टेप घेऊन माप घ्या आणि झालेल्या कामाच्या ७५ टक्के द्या. समजा मजुरी २५ रुपये फूट ठरली आणि आठवड्यात ६०० फूट गिलावा झाला, तर काम १५ हजारांचं. सव्वा अकरा हजार द्या, बाकी तुमच्याकडे. शेवटचे १० टक्के काम संपल्यावर एक महिन्याने. जादा कामाचा दर काम करण्याआधी वहीत लिहून दोघांची सही. नंतर ठरवलेला दर कधीच स्वस्त नसतो.

माल स्वतः आणा. १२ मिलिमीटर जाडीच्या १:४ गिलाव्याला १०० चौरस फुटांमागे सुमारे एक गोणी सिमेंट लागतं, भिंत वाकडीतिकडी असेल तर जास्त. वाळू किंवा क्रश सँड ब्रासने येते, म्हणजे १०० घनफूट. १० फूट लांब आणि ६ फूट रुंद ट्रॉलीत २० इंच उंचीला एक ब्रास होतो, म्हणून ट्रॉली खाली करण्याआधी उंची मोजा. फरशी १० टक्के जास्त घ्या: ६०० फुटांच्या घराला ६६०, म्हणजे दोन बाय दोनच्या (नेमकं माप ६०० मिलिमीटर) चार फरशांच्या, सुमारे साडेपंधरा फुटांच्या बॉक्सने ४३ बॉक्स, सगळे एकाच बॅचचे. नंतर आणलेली फरशी छटेत उठून दिसते.

न्हाणीघर गळतं ते बहुतेकदा क्रम चुकल्यामुळे. वॉटरप्रूफिंग झाल्यावर प्लंबर येतो आणि ट्रॅप बसवायला छिन्नी मारतो. म्हणून आधी ट्रॅप आणि पाइप बसवून त्यांच्याभोवती ग्राउट भरा, पाइपांवर प्रेशर टेस्ट घ्या, मग कोटिंग, मग ४८ तास पाणी भरून ठेवा. भिंतीवर पाण्याच्या पातळीला रेघ मारून फोटो काढा. उन्हाळ्यात थोडं पाणी हवेतच जातं, तेव्हा खरी परीक्षा खालच्या छताची. वायरिंगमध्ये दिव्यांना १.५, प्लगला २.५ आणि गिझर-एसीला ४ चौरस मिलिमीटरची वायर, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच).

गिऱ्हाईक आत शिरल्यावर आधी विचारतं, ‘पाणी किती दिवसांआड येतं?’ पाच माणसांना दिवसाला माणशी १३५ लिटर धरलं तर ६७५ लिटर लागतात. ८ बाय ५ बाय ५ फुटांच्या हौदात सुमारे ५,६०० लिटर मावतात, म्हणजे आठ दिवसांची सोय. पीओपीच्या छतावरचा खर्च इकडे वळवा. गच्चीवर पांढरी चायना मोझेक आणि किमान शंभरात एक उतार; मे महिन्यात घर दाखवताना त्याचा फरक कळतो.

काम दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीअखेर आटपा. मार्चनंतर क्युरिंगचं पाणी टँकरने आणावं लागतं, आणि सात दिवस पाणी न मारलेला गिलावा नखाने खरवडतो. नव्या गिलाव्यावर २८ दिवसांच्या आत पुट्टी लावली की ती पोपडे धरते. गुढीपाडव्याला घर दाखवायचं असेल तर हे दिवस आधीच मोजून ठेवा.

पैसे शक्यतो बँकेतून द्या आणि बिलं जपा. घर २४ महिन्यांच्या आत विकलं तर नफा अल्पकालीन भांडवली नफा धरला जातो आणि तुमच्या स्लॅबने कर लागतो; दरवर्षी हाच उद्योग केलात तर तो धंद्याचं उत्पन्न मानला जाऊ शकतो. सुधारणेचा खर्च वजा मागताना बिलच लागतं. विक्रीच्या नोंदणीआधी मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि महावितरणचं बिल भरून पावत्या फाइलला लावा, आणि उरलेले फरशीचे बॉक्स घरातच ठेवा.