तीन साड्यांची गोधडी: झोळ न येता कशी शिवायची

सोलापूरच्या थंडीला थंडी म्हणायचं का, असं विचारून पुण्याचे पाहुणे दरवर्षी हसतात. हसू द्या. मे महिन्यात ज्यांनी ४३-४४ अंश अंगावर काढलेत, त्यांना डिसेंबरात रात्रीचा पारा १५ च्या आसपास आला की कुडकुडायचा पूर्ण हक्क आहे. ही थंडी दिवाळीनंतर येते आणि संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वराची जत्रा, म्हणजे गड्ड्याची यात्रा उठली की तीही उठायला लागते. गोधडी शिवायची तर तेवढ्यातच. मार्चनंतर सुती कापडाच्या पाच थरांवर दुपारभर बसून दाखवा, मी तुम्हाला आहेर करीन.

आतापर्यंत माझ्या हातून सतरा-अठरा गोधड्या झाल्या. पहिल्या दोन बिघडल्या, त्यातली एक अजून इस्त्रीच्या टेबलावर अंथरलेली असते. बिघडायचं कारण दोन्ही वेळा एकच होतं, झोळ. कडा नीटनेटक्या, टाके सारखे, आणि बरोबर मध्यभागी कापडाचा असा फुगा की अंगावर घेतली तर पोटावर मांजर बसल्यासारखं वाटावं. व्हिडिओत बघावं तर सगळे रंगसंगतीवर बोलतात. रंगसंगती कुणालाही जमते हो. थर कसे मांडायचे आणि बसायचं कुठे, हे कुणी सांगत नाही.

मराठी घरात गोधडी किंवा वाकळ, कानडी घरात कौदी, तेलुगू घरात बोंत. आमच्या एका बोळात ही सगळी नावं ऐकू येतात. वस्तू एकच, आणि नवशिक्यांची चुकतेही एकाच जागी.

साड्या

सहावारी, सुती, पाच-सहा वर्षं वापरून मऊ पडलेल्या तीन साड्या घ्या. कोरी साडी नको, ती पुढे आटते आणि बाकीच्या थरांना ओढते. «कुठलीही साडी चालते» हा सल्ला देणाऱ्याने गोधडी शिवलेली नसते. सूत सुताला धरून राहतं, नायलॉन आणि जॉर्जेट घसरतात. शंका असेल तर काठाचा एक धागा ओढून जाळा. सूत कागदासारखं जळून राख होतं, भेसळीचा धागा वितळून त्याची गोळी होते. गोळी झाली की ती साडी बाजूला.

इरकली लुगडं मऊ असतं, दिसतंही सुरेख, पण त्याच्या पदराचं आणि काठाचं सूत वेगळं, ते अंगाच्या सुताबरोबर आटत नाही. मधलं अंग घ्या, पदर आणि काठ काढा. जरीचा काठ तर कुठल्याच साडीचा आत घालू नका, टोचतो. संक्रांतीची काळी साडी घालायची हौस असेल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. फडकं काळं झालं तर ती साडी पुढच्या संक्रांतीलाच नेसा.

आणि सोलापुरी चादर आत घालू नका. आपल्या गावची, जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली, अभिमानाची वस्तू आहे, कबूल. जुनी झाली की टाकवत नाही, हेही कबूल. मी एकदा घातली. जाड विणीतून सुई बाहेर यायला पक्कड लागली, आणि पहिल्याच धुण्यात तिने इतकं पाणी प्यायलं की गोधडी पिळायला दोघांना बोलवावं लागलं. चादर चादर म्हणूनच पांघरा.

कापणं

साडी साधारण १८ फुटांची, पन्हा ४५ इंचाच्या आसपास. सात-सात फुटांची दोन पानं निघतात, चार फुटांचा पदर उरतो. अशी सहा पानं. वर एक, खाली एक, आत तीन. सहावं उरू द्या. आठ-आठ थरांच्या गोष्टी केदारनाथ-बद्रीनाथला ठीक, सोलापूरला पाच थर पुष्कळ झाले, आणि पाचाच्या पुढे नवशिक्याची सुई जात नाही. आतल्या तीन पानांचे दोन्ही काठ कापून टाका. ती आपोआप अरुंद होतात, ते पुढे कडा दुमडताना कामाला येतं. पन्ह्याएवढीच रुंदी ठेवल्यामुळे कुठेही जोड नाही. एका माणसाला पुरते. दोघांना पुरणारी रुंद गोधडी तिसऱ्या-चौथ्या वेळी करा.

सगळी पानं धुऊन, खळ पूर्ण काढून, वाळवून, इस्त्री करून घ्या.

मांडणं, म्हणजे खरं काम

इथे घाई केली तर पुढचे तीन आठवडे पाण्यात.

आधी झोळ येतो कसा ते समजून घ्या. धावदोरा कापडाला प्रत्येक ओळीत किंचित आखडतो. शिवताना बोटांनी वरचा थर नकळत पुढे ढकलला जातो, खालचा जागेवर राहतो. एका टाक्यात हा फरक दिसतही नाही, पण साडेसहा फुटांच्या ओळीत तो बोटभर होतो. आता जुन्या पद्धतीप्रमाणे कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेऱ्या घालत आत आलात, तर हे वाढीव कापड प्रत्येक फेरीला आत ढकललं जातं. चारही बाजूंनी शिवण झालेली, त्याला बाहेर पडायला वाट नाही. मग ते मधोमध गोळा होतं. तोच फुगा.

माझी आजी कडेपासूनच शिवायची आणि तिच्या गोधडीत कधी झोळ आला नाही. हे कोडं मला कित्येक वर्षं सुटलं नव्हतं. मी तिचीच पद्धत, तिच्याएवढेच थर, अगदी तिचीच सुई वापरत होते. एका दुपारी शेजारच्या अक्का आल्या. मी खुर्चीवर बसून, मांडीवर गोधडी घेऊन शिवत होते. दारातूनच म्हणाल्या, «मांडीवर काय शिवालीस गं? खाली अंथर, वर बस की!»

एवढंच. आजी गोधडीवर बसून शिवायची. तिचं सगळं वजन थरांवर असायचं, त्यामुळे ते हलायची सोयच नव्हती. मांडीवर घेतलेली गोधडी दोन्ही बाजूंनी लोंबते, प्रत्येक थर आपापल्या वजनाने खाली सरकतो, आणि तुम्ही सरकलेल्या थरांना टाके घालत बसता. खुर्ची, पलंग, सोफा, टीव्हीसमोरची मांडी, सगळं बंद. गोधडी जमिनीवर आणि तुम्ही गोधडीवर. गुडघे तक्रार करत असतील तर अर्ध्या-अर्ध्या तासाने उठा, पण उठून खुर्चीवर बसू नका.

आता मांडणी. घरात शहाबादी फरशी असेल तर नशीबवान आहात, तिचे सांधे म्हणजे आयती आखलेली रेघ. खालचं पान उलटी बाजू वर करून पसरा आणि त्याची एक कड सांध्याला लावा. सकाळी सातला हे करू नका, फरशी पायाला चावते. अकरा वाजू द्या.

हे पान सपाट करायचं, ताणायचं नाही. दोन्हींत फार फरक आहे, आणि माझी दुसरी गोधडी बिघडली ती याच ठिकाणी. झोळाच्या भीतीने मी खालचं पान चारही बाजूंनी खेचून चिकटपट्टीने फरशीला डकवलं. ढोलकीसारखं ताठ. शिवून झाल्यावर पट्ट्या काढल्या तर ते मूळ मापावर आलं आणि वरच्या थरांना सगळीकडे चुण्या पडल्या. म्हणून हात ओला करा, झटकून टाका, आणि मधून कडेकडे तळहात फिरवत न्या. पोळी लाटताना जेवढा दाब देता तेवढाच. मग चार कोपऱ्यांवर वजनं ठेवा. वरवंटा, खलबत्ता, दिवाळी अंकांचे गठ्ठे, काहीही चालतं.

आतलं प्रत्येक पान त्यावर तसंच, एकेक करून. तिन्ही एकदम टाकून वरून हात फिरवला तर मधली सुरकुती तशीच राहते आणि ती तुम्हाला सापडते ती अर्धी गोधडी शिवून झाल्यावर. सगळ्या पानांचा ताणा एकाच दिशेला हवा, म्हणजे काठ जिकडे होते ती बाजू प्रत्येक वेळी तिकडेच. एक पान जरी आडवं पडलं तरी धुतल्यावर गोधडी पिळवटते. शेवटी वरचं पान, सुलटी बाजू वर.

मग कच्चे टाके. हे टाळायचा मोह प्रत्येकाला होतो. टाचण्या लावून भागेल असं वाटतं, पण भागत नाही. तुम्हाला गोधडीवर बसायचं आहे, टाचण्यांवर नव्हे. डोळ्यात भरेल अशा रंगाचा साधा दोरा घ्या, लाल साडीवर पांढरा, आणि तीन-तीन बोटांचे लांब टाके घाला. पहिली रेघ मध्यापासून एका टोकाकडे, पुन्हा मध्यापासून दुसऱ्या टोकाकडे. मग आडवी, तशीच मध्यापासून. अधिकचं चिन्ह झालं की त्याच्या दोन्ही बाजूंना वीत-वीत अंतरावर रेघा, प्रत्येक वेळी मध्याकडून कडेकडे. कडेकडून आत कधीच नाही. प्रत्येक रेघेआधी तळहात फिरवा. शेवटी विती-वितीच्या चौकोनांची जाळी दिसली पाहिजे. मला याला दोन ते अडीच तास लागतात. तुमचं चाळीस मिनिटांत आटोपलं तर काहीतरी राहिलंय.

आता गोधडी उचला, उलटी करा, खालून बघा. इथे एक जरी चुणी दिसली तरी तेवढी जाळी उसवून पुन्हा घाला. पुढे शिवताना बसून जाईल, धुतल्यावर दिसणार नाही, इस्त्रीने जाईल, ही तिन्ही वाक्यं मी स्वतःला सांगून झालेली आहेत.

शिवणं

जाड सुती दोरा, मोठ्या नाक्याची सुई, मधल्या बोटात अंगुस्तान. दोरा हातभरच घ्या. वाव-वावभर घेणाऱ्यांचा वेळ गाठी सोडवण्यात जातो. मशीनचं रीळ नको, ते वर्षभरात तुटतं. आणि मशीनवर शिवायचंही नको, तिचा पाय वरचं कापड पुढे ढकलतो, म्हणजे जे टाळण्यासाठी एवढी खटपट केली तेच होणार.

पहिली ओळ गोधडीच्या मधोमध, उभी. त्यानंतर दोन-दोन बोटांच्या अंतराने एका बाजूला सरकत चला. शिवलेल्या भागावर बसायचं आणि न शिवलेला भाग पुढे. कापड जे काही सरकेल ते मोकळ्या कडेकडे जाईल, तिथे ते कापता येतं. एक ओळ डावीकडून उजवीकडे नेली तर पुढची उजवीकडून डावीकडे आणा. सगळ्या एकाच दिशेने घातल्या तर गोधडी तिरकी होते. अर्धी बाजू झाली की फिरून बसा आणि उरलेली अर्धी घ्या. आजी कडेपासून शिवायची हे मी विसरलेले नाही, पण तिचा हात चाळीस वर्षांचा होता. तुम्ही मध्यापासून शिवा.

टाका ज्वारीच्या दाण्याएवढा. मालदांडीचा दाणा म्हटलं तरी चालेल, टपोरा असतो. सुईवर एका वेळी तीनच टाके घ्या, मग दोरा ओढा, आणि ओढल्यावर अंगठ्याने मागे सारून ओळ मोकळी करा. दोरा करकचून ओढला की कापड आखडतं. कापडावर बसलेला पण बोटाला ताण न जाणवणारा दोरा, तो बरोबर.

अशा तीसेक ओळी होतात. रोज तासभर दिला तर तीन आठवडे. डिसेंबराच्या मध्याला बसलात तर भोगीच्या बाजरीच्या भाकरीपर्यंत होते, आणि होम मैदानावर गड्डा बघून, गारठून घरी आल्यावर पांघरायला मिळते.

मध्येच झोळ जाणवला तर? दोन-तीन ओळी मागे उसवा आणि पुन्हा तळहात फिरवा. उसवताना कातर कापडाला समांतर धरा. एवढं सोडून दुसरा उपाय नाही. झोळावर कापडाचं फूल कापून लावायचा सल्ला मला एकीने दिला होता. लावलं. मग ते फुगलेलं फूल झालं.

कडा

शेवटची चार बोटं चारही बाजूंनी न शिवता सोडा. आतले थर कुठे बाहेर आले असतील तर कापून सारखे करा, वरचं आणि खालचं पान एकमेकांकडे आत दुमडा, दोन ओळी धावदोरा घाला. मघाशी कापलेले सुती काठ वरून लावले तर छान दिसतं. कच्चे टाके आता काढा, आधी नाही.

धुणं

नळाला पाणी येणार असेल त्याच दिवशी, आणि टाकी भरून झाल्यावर. पहिल्यांदा थंड पाण्यात, एकटीच, इतर कपड्यांबरोबर नाही. पिळू नका, दाबून पाणी काढा. वाळत घालताना एका दोरीवर टाकली तर मधोमध लोंबून कायमचा बाक येतो. म्हणून शेजारशेजारच्या दोन दोऱ्यांवर आडवी पसरा, किंवा गच्चीवर सतरंजी घालून तिच्यावर टाका. दुपारी एकदा उलटा. आपल्याकडचं जानेवारीचं ऊन एका दिवसात वाळवतं.

उरलेलं सहावं पान आणि तीन पदर फेकू नका. पदर जरीचे नसतील तर बाळाचं दुपटं होतं, तीन थरांचं. मांडायला अर्धा तास, शिवायला चार दुपारी. त्याच्यावर मात्र बसता येत नाही, लहान पडतं. दोन्ही गुडघ्यांखाली कडा दाबून धरा.