कूलरचा पंखा फिरतो, पण वारा गरमच येतो?

अथणी-चिकोडीकडे बोअरच्या जड पाण्यावर कूलर चालवत असाल, तर लगेच नवा पंप आणायला पळू नका. आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, आत पाणी असतं. मागची जाळी उघडून पॅडला हात लावा. मधेमधे कोरडे पट्टे लागले तर पंप ठीक आहे, वरच्या पन्हळीची भोकं क्षाराने बुजलीत. दाभणाने मोकळी करा. पॅड पूर्ण कोरडं असेल तर टाकीत पाणी आहे ना बघा, मग पंपाचं झाकण काढून आतली पाती बोटाने फिरवा. बहुतेक वेळा तीच पांढऱ्या थराने जाम झालेली असते. १ लिटर कोमट पाण्यात २ चमचे लिंबूसत्त्व विरघळवून पाती अर्धा तास बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा.

पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतात. म्हणून नुसती भर घालत राहू नका. आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी कराच. समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होते. जूनमध्ये पाऊस लागल्यावर गारवा कमी वाटला तर तो बिघाड नव्हे, हवाच ओली असते.