फवारणी मारायच्या आधी भातातले कोळी बघा (आणि सांभाळा)

मी ठाण्याला राहतो पण आवणीला (भाताच्या लावणीला) मुरबाडला गावी असतोच, आणि आवणी आटपली की सगळ्यांचं सुरू होतं, औषध कधी मारायचं? अहो थांबा, आधी चुडाच्या (एका जागी लावलेल्या रोपांच्या झुबक्याच्या) बुडाशी वाकून बघा.

सकाळी खाचरात फिरून वेगवेगळ्या जागचे वीसेक चूड बुडाशी हलकेच थोपटायचे, पाण्यावर पडणारे तुडतुडे (भाताचा रस शोषणारे बारके किडे) मोजायचे आणि कोळी पण मोजायचे. तामिळनाडू कृषी विद्यापीठाचा हिशोब असा की कोळी नसतील तर फुटव्यामागे (चुडातल्या एका काडीमागे) 1 तपकिरी तुडतुडा झाला की औषधाचा विचार करायचा, पण चुडामागे 1 कोळी असेल तर फुटव्यामागे 2 तुडतुड्यांपर्यंत थांबता येतं. सरळ दुप्पट!

पाण्यावरून पळणारा तो लांडगा कोळी, जाळं विणत नाही, धावून शिकार करतो, दिवसाला 5 ते 15 किडे खातो. त्याची मादी अंड्यांची गोल पिशवी मागे चिकटवून फिरते आणि पिल्लं निघाली की 60-80 पिल्लं पाठीवर घेऊन हिंडते. अशी मादी दिसली तर प्लीज मारू नका, पोरांना दाखवा. काटेरी पायांच्या कोळ्याची मादी पानावर पिशवीजवळ राखण करत बसते, तिलाही हात लावू नका.

बांधावरचं गवत एकाच दिवशी सगळं तासू नका, कोळी तिथेच लपतात, आज एक बाजू काढा, पंधरा दिवसांनी दुसरी. बांधावर तूर लावली तर अजून चांगलं.

लावणीनंतर पहिला महिनाभर तरी उगाच फवारणी नको. काकांनी एका वर्षी दुकानातून सांगितलं म्हणून लवकर मारलं, पायरेथ्रॉइड (एका प्रकारचं कीटकनाशक) होतं, कोळी मेले पण तुडतुड्यांची अंडी खोडाला लपेटलेल्या पानाच्या आत असतात, त्यांना काही झालं नाही, आठ-दहा दिवसांत फुटली आणि खाणारं कोणी उरलंच नव्हतं, खाचरात गोल गोल करपलेले पट्टे पडले, बघवत नव्हतं.

कापणी झाली की थोड्या पेंढ्याच्या पेंड्या बांधावर तशाच राहू द्या आणि जमलं तर वाल टाका, ओल असतेच, कोळ्यांना तेवढाच आसरा होतो.