पाणी कुठवर आलं होतं? सामूहिक स्मृतीवर शोधनिबंध लिहिताना

विद्यार्थ्यांचे निबंध वाचताना एक गोष्ट हमखास दिसते. पहिली दोन पानं 'स्मृती म्हणजे काय' यातच संपतात आणि कोल्हापूरची पंचगंगा नदी उगवते ती तिसऱ्या पानावर. हे उलटं करा. आधी नदी, मग व्याख्या.

सुरुवात विषय लहान करण्यापासून. 'कोल्हापूरच्या पुराच्या आठवणी' हा विषय नव्हे, ते पोतं झालं. 'शुक्रवार पेठेतल्या एका गल्लीत 2019 चा पूर आज कसा सांगितला जातो' हा विषय. पूर कसा आला, हे इतिहासाचं आणि जलशास्त्राचं काम. तुम्हाला शोधायचं आहे ते गल्ली तो कसा सांगते.

त्यासाठी दोन वह्या करा. एकीत नोंदी : पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी (39 फुटांवर इशारा, 43 फुटांवर धोका), ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 ची वर्तमानपत्रं. जुन्या अंकांसाठी करवीर नगर वाचन मंदिरात विचारून बघा; संस्था 1850 ची आहे. दुसऱ्या वहीत फक्त माणसांचं बोलणं. दोन्ही वह्या एकमेकींत मिसळू नका, निदान लिहायला बसेपर्यंत तरी.

मुलाखतीत 'तुम्हाला पूर आठवतो का?' असं विचारलंत तर 'हो' एवढंच उत्तर मिळेल. 'पाणी कुठवर आलं होतं?' असं विचारा. हात आपोआप भिंतीकडे जातो. मग ऐका : 'जामदार क्लबपाशी पाणी आलं, तवा आम्ही सामान माळ्यावर टाकलं.' फूट-इंच कुणी सांगत नाही. सरकारी पूर फुटांत मोजला जातो, गल्लीचा पूर खुणांवर. मॉरिस हालबवाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं 1925 मध्ये हेच मांडलं होतं, की आपण एकट्यानं आठवत नाही, आपल्या गटाच्या चौकटीत आठवतो. आता त्याचं नाव घ्या, इथं ते शोभतं.

खरी गंमत दोन वह्या जुळत नाहीत तिथं. कुणी 2021 च्या पुरात आलेली बोट 2019 च्या पुरात घालतं. पोरं ते गुपचूप दुरुस्त करून टाकतात, आणि हाताशी आलेलं सोनं टाकून देतात. इटलीतल्या तेर्नी शहरात लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण पोलाद कामगार 1949 मध्ये निदर्शनांत मारला गेला. पण अनेक कामगार तो मृत्यू 1953 च्या नोकरकपातीच्या वेळचा म्हणून सांगत. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकानं त्या चुकीलाच पुरावा मानलं : माणसांना तो मृत्यू आपल्या सगळ्यात मोठ्या लढ्याशी जोडायचा होता. तुमच्या गल्लीतही साल चुकलं असेल तर तसंच ठेवा आणि ते का सरकलं याचा शोध घ्या.

'कोल्हापूरकरांना आठवतं' हे वाक्य लिहिलं की थांबा. कोणाला? तळमजल्यावरच्या भाडेकरूला, वरच्या मजल्यावरच्या मालकाला, म्हशी सोडाव्या लागलेल्या गवळ्याला की निवारा केंद्रात भाकरी थापणाऱ्या काकूंना? कोण बोलत नाही, हेही लिहा.

सगळ्या विषयांना मुलाखती चालत नाहीत, ही एक बाजूची सूचना. स्मृतीचे जर्मन अभ्यासक यान आसमान यांच्या मते बोलण्यातून टिकणारी आठवण 80 ते 100 वर्षं, म्हणजे तीनेक पिढ्या जगते. शाहू महाराज 1922 मध्ये गेले. त्यांना पाहिलेलं माणूस आता कुठून मिळणार? तिथं आठवण पुतळ्यात, 26 जूनच्या जयंतीच्या मिरवणुकीत, कसबा बावड्यातल्या जन्मस्थळात सापडते. 6 मे 2022 ला, स्मृती शताब्दीच्या दिवशी, सकाळी 10 वाजता कोल्हापूर 100 सेकंद स्तब्ध उभं राहिलं. तसा विषय घेतलात तर रेकॉर्डर घरी ठेवा आणि चौकात उभे राहून काय घडतं ते टिपा.

लिहिताना माणसाची भाषा मोडू नका. 'पाणी चढाय लागलं' याचं 'जलपातळीत वाढ होऊ लागली' केलंत की बोलणारा माणूसच गायब. नावं मात्र बदला, परवानगी घ्या.

मसुदा झाला की ज्यांचं बोलणं घेतलं त्यांना ते वाचून दाखवा. काकू मध्येच म्हणतील, 'तसं नव्हतं रे, त्या रात्री लाइट होती.' पहिलं वाक्य खोडू नका. दुसरं त्याच्याखाली लिहा, तारीख घालून.